निंबाला चैत्रापर्यंत सवड द्या

आजी सांगायची, तिच्या सासूच्या काळात प्लेग आला. घरात उंदीर पडला की माणसं भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालून राहायची. परतल्यावर आधी प्रत्येक खोलीत निंबाच्या पाल्याची धुरी, मग चूल.

आजीच्या धाकट्या भावाला देवी आल्या, तेव्हा दाराला निंबाचा डहाळा लागला. पोराला कोवळ्या पाल्यावर निजवलं. खाज सुटली की नखं लावू द्यायची नाहीत, डहाळीच अंगावरून हळू फिरवायची. खपल्या पडल्यावर निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. भाऊ वाचला, तोंडावर वण राहिले. निंबानं देवी बऱ्या होत नव्हत्या. लसीकरणामुळं 1975 नंतर त्या देशातून गेल्या. पण तापलेल्या अंगाला तो गार पाला लागत होता, एवढं माझ्यासाठी पुरे आहे.

आमच्या हिंडलगा गावात पाऊस जोराचा. कोरड्या मुलखाइतका निंब इथं नाही, म्हणून खळ्याजवळचा, परड्यातला एकेक निंब सगळ्यांच्या ओळखीचा. कीड लागू नये म्हणून भाताच्या कणगीत वाळका पाला घालायचा, ही आजीची रीत. किड्यांना निंब नकोसा, हे दूरदेशीही दिसलं. 1959 साली सुदानात टोळधाडीनं शिवार फस्त केलं, फक्त निंब हिरवा राहिला. तिथून श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास आयुष्यभर केला.

आता निंबच आजारी पडतोय. फोमॉप्सिस नावाची बुरशी पावसाळ्यात लागते आणि थंडीपर्यंत वाढत जाते. शेंड्याची पानं तपकिरी होतात, काडी टोकाकडून खाली वाळते, मोहोर जळतो, लिंबोळ्या धरत नाहीत. 2021 मध्ये तेलंगणात असंख्य झाडं अशी करपली. लांबून बघणाऱ्याला झाड मेलंच वाटतं. युरोपातल्या अॅश वृक्षांवरही बुरशीच आली. 1992 च्या सुमारास पोलंडमध्ये दिसली, 2012 मध्ये ब्रिटनमध्ये, आणि तिथं रानंच्या रानं विरळ झाली. निंबाचं तसं नाही. बहुतेक झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा फुटतात, पाडव्याला गुळाबरोबर खायला कोवळा पाला देतात.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या दारचा निंब करपला तर कुऱ्हाड काढू नका. वाळक्या काड्या छाटून जाळा, बुंध्याला पाणी द्या आणि चैत्रापर्यंत थांबा.