थ्रॉटल उलटा लागला त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या घरी विमान आलं. म्हणजे सगळं नाही, विमानाचा एक तुकडा आला. नातवाला संगणकावर विमान उडवायचा नाद आहे. इतके दिवस तो कळफलकावर भागवत होता, आता साठवलेल्या पैशांतून त्याने थ्रॉटल घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा. मोटारीत जे काम पाय करतो, ते विमानात हात करतो.

मोठ्या उत्साहाने त्याने वायर जोडली, धावपट्टीवर विमान उभं केलं आणि दांडा पुढे ढकलला. इंजिन गप्प! मागे ओढला, तर इंजिनाची अशी गर्जना की मी स्वयंपाकघरातून धावत आले.

"आजी, उलटा लागलाय गं!"

मग सेटिंगमध्ये जाऊन त्याने 'रिव्हर्स ॲक्सिस' नावाच्या चौकोनात एक खूण केली आणि दांडा सुलटा झाला. प्रश्न मिटला. पण मला मात्र नवाच पडला. मी विचारलं, "मुळात हा चौकोन ठेवलाच कशाला? उलटा दांडा मुद्दाम कोणाला हवा असेल?"

"असेल कोणालातरी," तो म्हणाला.

आता, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला "असेल कोणालातरी" हे उत्तर चालत नाही. त्यामुळे पुढचे पंधरा-वीस दिवस मी ह्या दांड्याच्या मागे लागले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

पहिली गंमत ही की सुरुवातीला दांडा नव्हताच. 17 डिसेंबर 1903 ला राईट बंधूंचं विमान किटी हॉकला उडालं, त्याच्या सुमारे 12 अश्वशक्तीच्या इंजिनाला आजच्यासारखा थ्रॉटल नव्हता. ठिणगी पडण्याची वेळ पुढेमागे करून वेग थोडाफार बदलता येई, एवढंच. त्या दिवसाचं सर्वांत लांबचं उड्डाण 59 सेकंदांचं. तेवढ्यासाठी दांड्याची गरजही नसावी!

नंतर फ्रान्समध्ये नोम कंपनीची रोटरी इंजिनं आली. त्यांत पंख्याबरोबर सबंध इंजिनच गरगर फिरायचं. वेग कमी करायला वैमानिक दांड्यावरचं एक बटण दाबून ठिणगी क्षणभर तोडत आणि बटण सोडलं की इंजिन पुन्हा सुरू. म्हणजे इंजिनाला दोनच गोष्टी ठाऊक, पूर्ण चालणं आणि बंद पडणं. उतरणाऱ्या विमानाचा आवाज त्यामुळे तुटक तुटक येई. आपल्याकडे एखादी जुनी मोटारसायकल बंद पडतापडता चालते ना, तसा.

इंजिनं सुधारली तशी मधली सगळी ताकद हवी तेवढी घेता येऊ लागली आणि डाव्या हाताशी दांडा आला. दांडा आला तसा प्रश्नही आला. जास्त ताकदीसाठी तो कुठे न्यायचा? इंग्रज आणि अमेरिकन म्हणाले, पुढे. पुढे जायचं तर पुढे ढकला. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी कितीतरी विमानांत बरोबर उलटं केलं. ताकद हवी, तर दांडा आपल्याकडे ओढा. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण ज्याचा हात त्यावर तयार झाला त्याला आपलंच उलटं वाटणार. भाषेसारखंच आहे हे, आपली ती सरळ आणि दुसऱ्याची ती वाकडी!

पण भाषेत चूक झाली तर लोक हसतात. विमानात उतरताना हाताने चूक केली तर हसायलाही कोणी उरत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात एक मजेदार काम निघालं. फ्रान्सने अमेरिकेकडून कर्टिस हॉक 75 ही लढाऊ विमानं मागवली होती आणि त्यांचे दांडे फ्रेंच पद्धतीचे, मागे ओढायचे करून घेतले होते. 1940 मध्ये फ्रान्स पडला. उरलेली विमानं ब्रिटनच्या पदरात आली. त्यांचं नाव 'मोहॉक' ठेवलं, बंदुका बदलल्या, आणि दांड्याची दिशाही बदलून इंग्रजी पद्धतीची केली. नातवाने एक खूण करून जे काम क्षणात उरकलं, ते तिथे पाने-पक्कड घेऊन विमानागणिक करावं लागलं. उलट्या दांड्याचा वारस कोण, ह्याचं उत्तर मला इथे मिळालं.

ह्याच मोहॉक विमानांच्या तुकड्या पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या बंगाल-आसामच्या बाजूने लढल्या. आणि हॉक जातीच्या विमानाचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. विल्यम पॉली हे अमेरिकन उद्योजक त्यांच्याबरोबर होते आणि म्हैसूर संस्थानाने साथ दिली होती. 1941 मध्ये तिथे हार्लो हे शिकाऊ विमान तयार झालं आणि 1942 मध्ये हॉक. तीच कंपनी आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स. तिच्या आवारालगतच्या विमानतळाची आठवण ठेवा, पुढे पुन्हा तिथे यायचं आहे.

आता खोट्या विमानाकडे वळू. घरात बसून विमान उडवणं हा आजच्या पोरांचा खेळ, असं मी समजत होते. पण 1910 च्या सुमारासच फ्रान्समध्ये अँत्वानेत विमानाच्या शाळेत अर्ध्या पिंपात विद्यार्थ्याला बसवत आणि बाहेरून गडी ते पिंप हलवत. विद्यार्थ्याने चाकं फिरवून तोल सावरायचा. बिचाऱ्याला इंजिनही नाही आणि थ्रॉटलही नाही.

खरं काम केलं एडविन लिंक ह्या अमेरिकन माणसाने. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. लिंकला उडायचं वेड, पण शिकवणी महाग. त्याने ऑर्गनचेच भाते आणि हवेचे पंप वापरून एक लाकडी खोकं बनवलं, ते विमानासारखं कलायचं, वळायचं. आपल्या बाजाच्या पेटीचा भाता आठवा, म्हणजे कल्पना येईल. 1929 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पण वैमानिकांच्या शाळांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि ते यंत्र जत्रेतल्या पाळण्यांच्या रांगेत जाऊन बसलं.

दिवस पालटले ते 1934 मध्ये. अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचं काम अचानक लष्कराकडे आलं. धुक्यात आणि रात्री नुसत्या यंत्रांवर नजर ठेवून उडायची सवय त्या वैमानिकांना नव्हती. पहिल्या काही आठवड्यांतच अनेक जण मेले. तेव्हा लष्कराला जत्रेतल्या खोक्याची आठवण झाली आणि त्यांनी प्रत्येकी 3500 डॉलरला सहा यंत्रं विकत घेतली. पुढे महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांवर बनली आणि लाखो वैमानिक त्यांत बसून शिकले. खेळणं समजून हसणाऱ्यांनी ह्या गोष्टीचा विचार करावा. (पहिली हसणारी मीच होते.)

संगणकावरचं विमान आणलं ब्रूस आर्टविक ह्यांनी. त्यांचा फ्लाइट सिम्युलेटर ॲपल टू संगणकावर 1980 च्या सुमारास आला आणि 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या संगणकासाठी आणला. तेव्हा थ्रॉटल म्हणजे कळफलकावरच्या कळा, दाबल्या की ताकद पायरीपायरीने वाढे. पुढे 1990 नंतर घरगुती दांडे मिळू लागले. आत असतो तो पोटेंशिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत असायचा तोच भाग. खुंटी जुनी झाली की रेडिओ खरखरायचा, तसा दांडा जुना झाला की पडद्यावरचं इंजिन आचके देतं. म्हणून हल्ली चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर वापरतात, त्यांत घासण्यासारखं काही नसतं.

दांडा लावतानाची कामंही मी नातवाजवळ बसून शिकले. आधी कॅलिब्रेशन, म्हणजे दांडा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन संगणकाला त्याची हद्द दाखवायची. मग थ्रॉटलचं काम दुसऱ्या कुठल्या जॉयस्टिकच्या चकतीकडेही राहिलंय का ते बघायचं, कारण एका इंजिनाला दोन धनी झाले की विमान वेड्यासारखं वागतं. मग शून्य खरोखर शून्यावर आहे का ते पाहायचं. चुकीचा ॲक्सिस निवडला तर दांडा पूर्ण मागे असूनही इंजिन अर्ध्या ताकदीवर धावत राहतं. थोडक्यात, हात जे सांगतो आणि इंजिन जे करतं, त्या दोघांचं एकमत करायचं.

हे एकमत किती महत्त्वाचं, ते नातवाने एअरबस ए-320 निवडल्यावर कळलं. ह्या विमानाच्या दांड्याला खाचा आहेत. उड्डाणाची खाच, चढाईची खाच, अगदी मागे आयडल. चढाईच्या खाचेत दांडा ठेवला की पुढे संगणक ताकद कमीजास्त करतो, पण दांडा जागचा हलत नाही. बोइंगच्या विमानांत यंत्राने ताकद कमी केली की दांडाही आपोआप मागे सरकतो, तळहाताला ते कळतं. एअरबसमध्ये ते आकड्यांतच वाचावं लागतं.

14 फेब्रुवारी 1990. इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं ए-320 विमान बंगळूरला उतरत होतं. वर सांगितलेला तोच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ. हवा स्वच्छ, वेळ दुपारची. विमान अशा स्थितीत होतं की इंजिनं आयडलवर आणि वेग उतरत चाललेला. ते वेळेवर ध्यानात आलं नाही. दांडे पुढे ढकलले गेले तेव्हा उशीर झाला होता, कारण थंडावलेल्या जेट इंजिनाला पुन्हा ताकद धरायला काही सेकंद लागतात. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात विमान कोसळलं. आतल्या 146 माणसांपैकी 92 गेली. चौकशीत वैमानिकांनी परिस्थिती वेळीच न ओळखल्याचा ठपका आला. दांडा हलता असता तर हाताला कळलं असतं का, ह्यावर वैमानिकांत अजून वाद होतो. त्यावर निकाल द्यायचा माझा अधिकार नाही. त्याच पद्धतीच्या दांड्यांनी जगभर हजारो विमानं रोज सुखरूप उतरतात, हेही खरं आहे.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. एरवी त्याला माझ्या गोष्टी लांबट वाटतात, ही मात्र त्याने मान खाली घालून ऐकली. मग त्याने आयडल आणि चढाईच्या खाचा पुन्हा तपासल्या. एका ठिकाणी दांडा खाचेत बसला होता, पण पडद्यावर तो खाचेच्या किंचित मागे दिसत होता. तेवढं त्याने नीट जुळवून घेतलं.

संध्याकाळी त्याने मुंबई-बंगळूर उड्डाण लावलं. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. उतरताना त्याचा हात दांड्यावर होता, पण डोळे मात्र वेगाच्या आकड्यावर.

"आजी, एकशे चाळीस आहे बघ," तो म्हणाला.

मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, तिकडेच बघ."