अनुरेखकापासून माहिती-प्रतिमानापर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात, विदर्भ जिथे मराठवाड्याला भिडतो त्या पट्ट्यात वसले आहे. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्ह्याचा पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला आणि उमरखेडचा प्रदेशही त्याबरोबर आला. नदीपलीकडे मात्र निजामाचा अंमल १९४८ पर्यंत टिकला. या भागातील गावांत घर उभे करणारा गवंडी दोरी, ओळंबा आणि गुण्या यांच्या आधारे काम करी, जमिनीवर चुन्याची फक्की टाकून खोल्या आखी, आणि कागदाशी त्याचा संबंध क्वचितच येई. नकाशा ही मुख्यतः सरकारी कामाची वस्तू होती, आणि म्हणूनच नकाशा काढण्याच्या व्यवसायाचा इतिहास सार्वजनिक बांधकाम खात्यापासून सुरू करावा लागतो.

हे खाते डलहौसीच्या काळात, १८५४ च्या सुमारास उभे राहिले, आणि त्याला लागणारा दुय्यम कर्मचारीवर्ग घडवण्यासाठी १८५४ मध्येच पुण्यात जो अभियांत्रिकी वर्ग निघाला, त्यातून पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आकाराला आले. खात्यातील कागदकामाची जी उतरंड आजही पदनामांत दिसते, तिच्या तळाशी अनुरेखक असतो, म्हणजे मूळ आराखड्यावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवणारा. त्याच्यावर सहायक आरेखक, मग आरेखक आणि शेवटी प्रमुख आरेखक. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, कागद फाटू द्यायचा नाही, आणि मग अमोनियाच्या वाफेवर प्रती काढून त्या कामाच्या जागी पाठवायच्या, हे काम कष्टाचे होते. तरीही इमारतीविषयीचा निर्णय घेण्याचा अधिकार या माणसाकडे फारसा नसे.

या उतरंडीला छेद देणारी घटना मुंबईत घडली, आणि तिचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. सर जे. जे. कला विद्यालयात १८९६ मध्ये आरेखकांसाठी वर्ग निघाला, त्याचा हेतू वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांना मदतनीस पुरवणे एवढाच होता. पण वर्गाचा अभ्यासक्रम वाढत गेला, तेथील विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये आपली संघटना बांधली, आणि तिचेच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाले. ज्यांनी गिरवावे अशी अपेक्षा होती, त्यांनी बांधकामाचे शास्त्र आत्मसात केले आणि एका पिढीत ते व्यवसायाचे धनी झाले.

विदर्भाच्या या टोकाला ही संधी फार उशिरा आली. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, पसरत गेल्या आणि 'आरेखक स्थापत्य' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी झालेल्या मुलांच्या आवाक्यात आला. पैनगंगेवर इसापूरचे धरण उभे राहिल्याने मोठे बांधकाम म्हणजे काय हे या परिसराने जवळून पाहिले. नांदेडला १९८१ मध्ये आणि पुसदला १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, तेव्हा ढाणकीच्या मुलाला स्थापत्य शिकण्यासाठी नागपूर किंवा पुणे गाठणे अपरिहार्य राहिले नाही.

दरम्यान साधनच बदलले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने रेघ संगणकावर आणली, परंतु रेघ ही रेघच राहिली: भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडलेली कल्पना वेगळी होती, आणि आज ती बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे 'बिम', या नावाने ओळखली जाते. तीत भिंत ही उंची, जाडी, विटांचा प्रकार आणि गिलावा ही माहिती बाळगणारी वस्तू असते. खिडकी हातभर सरकवली की आराखडा, छेद, दर्शनी चित्र आणि परिमाणांचा तक्ता ही चारही एकाच वेळी बदलतात. २००० मध्ये आलेल्या रेव्हिट या संगणक-प्रणालीने ही पद्धत कचेऱ्यांत रुळवली, आणि २०१८ पासून आयएसओ १९६५० या प्रमाणकाने माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवून दिले.

विदर्भात या पद्धतीचा सर्वांत ठळक वापर नागपूर मेट्रोने केला. तेथे त्रिमित प्रतिमानाला कामाचे वेळापत्रक हे चौथे आणि खर्च हे पाचवे परिमाण जोडले गेले. वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची रचना आहे. अशा ठिकाणी खांब, तुळई, नळ आणि वीजवाहिनी एकमेकांना कुठे अडतील हे आधीच शोधणे, ज्याला या क्षेत्रात 'क्लॅश' तपासणे म्हणतात, किती मोलाचे आहे हे वेगळे सांगायला नको. कागदावर न दिसलेली टक्कर पुढे काँक्रीट फोडूनच सोडवावी लागते.

या कामातही पायऱ्या आहेत: प्रतिमान उभारणारा मॉडेलर, निरनिराळ्या शाखांची प्रतिमाने जुळवणारा समन्वयक, आणि माहितीचे नियम ठरवणारा व्यवस्थापक. अनुरेखकाची बढती सेवाज्येष्ठतेवर चाले. येथे पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाण्यासाठी सळई कशी बांधतात, सांडपाण्याच्या नळाला उतार किती द्यावा लागतो, हे जागेवर पाहिलेले असावे लागते, कारण संगणक टक्कर दाखवतो, पण नळ हलवावा की तुळई याचा निर्णय तो देत नाही. केवळ आज्ञा पाठ करून घेणारे शिकवणी वर्ग शहरोशहरी निघाले आहेत, आणि त्यांतून बाहेर पडलेला तरुण वर्षानुवर्षे मॉडेलरच राहतो, ही जुन्या अनुरेखकाचीच दुरवस्था नव्या यंत्रावर आहे.

ढाणकीत आता नगरपंचायत असून, २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर नगरपंचायत क्षेत्रातील बांधकामाला त्या नियमांनुसार काढलेला नकाशा लागतो. हा नकाशा अजून द्विमितच असतो; त्यामुळे प्रतिमान उभारू शकणाऱ्या येथील तरुणाला रोजगार आज तरी नागपूर-पुण्याच्या कचेऱ्यांत शोधावा लागतो, आणि उमरखेडवरून आखलेला वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा लोहमार्ग पुलांसह बांधून होईपर्यंत, जागेवरचे काम शिकण्याची संधी मात्र त्याच्या घराजवळच आहे.