सुट्या भागांचा संगणक

महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक सुट्या भागांच्या रूपाने आला. मदरबोर्ड एका दुकानातून, हार्ड डिस्क दुसऱ्या, कॅबिनेट आणि मॉनिटर जिथे दोनशे रुपये स्वस्त मिळेल तिथून, आणि हे सगळे रविवारी घरी येऊन जोडून देणारा ओळखीतला कोणी हौशी मुलगा, अशी ती खरेदी असे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण २०१०पर्यंत हीच रीत होती. कंपनीचा तयार संगणक बँकांत, सरकारी कचेऱ्यांत आणि मोठ्या उद्योगांत दिसे. घरी असायचा तो ‘असेंबल केलेला’. ही रीत पडली ती पैसे वाचवण्यासाठी, पण तिचा परिणाम पैशापुरता राहिला नाही. यंत्र उघडून पाहायची, बिघडले तर आधी स्वतः स्क्रू काढायची सवय एका अख्ख्या पिढीला लागली.

मुंबईला संगणक त्याआधी अनोळखी नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक १९६०मध्ये कामाला लागला होता, पण तो खोलीभर जागा घेणारा, शास्त्रज्ञांच्या गणितांसाठीचा संगणक. पुढची दोन दशके संगणक घ्यायचा म्हटले की परवाना, आयात शुल्क आणि परकीय चलन या तिन्हींशी झगडावे लागे. परकीय चलन नियमन कायद्यातल्या मालकीच्या अटी मान्य नसल्याने आयबीएम १९७८मध्ये भारतातून निघून गेली. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादन यांवरची बंधने सैल केली, तेव्हा कुठे खासगी माणूस संगणकाचा विचार करू लागला.

त्या काळातल्या घरगुती यंत्रांत सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम ठळक होता. कोणाच्या घरी तो परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला असे, तर कोणाकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात काढलेला ‘डीबी स्पेक्ट्रम’ असे. ४८ केबी मेमरी, घरचा टीव्ही हाच पडदा, आणि प्रोग्रॅम साठवायला साधी ऑडिओ कॅसेट. टेप रेकॉर्डरची वायर संगणकाला जोडायची, लोडचा आदेश द्यायचा आणि चार-पाच मिनिटे कर्कश शीळ ऐकत बसायचे. टेपचे हेड मळलेले असले किंवा आवाजाची पातळी जरा कमीजास्त असली, की शेवटच्या मिनिटाला सगळे फसे आणि कॅसेट पुन्हा मागे फिरवावी लागे. मासिकात छापलेला बेसिक भाषेतला प्रोग्रॅम ओळीओळीने टाइप करायचा आणि एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी पानभर मजकूर पुन्हा तपासायचा, हा त्या वेळच्या हौशी मुलांचा नित्याचा उद्योग होता. प्रोग्रॅमिंगची त्यांची पहिली ओळख झाली ती अशी.

मात्र या छंदाची खरी शाळा भरली ती बाजारात. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने ओळखला जातो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे अधिकृत नाव, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे. मिनर्व्हा, नाझ अशा चित्रपटगृहांचा हा रस्ता संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून रेडिओ आणि ॲम्प्लिफायरच्या सुट्या भागांचा बाजार होता. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, सोल्डरिंगची तार हा तिथला माल. पुण्यात हीच गरज बुधवार पेठेतली तापकीर गल्ली भागवत असे. नवा धंदा जुन्या धंद्याच्याच गाळ्यांत शिरला, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. सर्किट बोर्ड हातात घ्यायला न बिचकणारे कारागीर, नग सुटा विकायची पद्धत आणि ‘हा नाही तर त्याच्या जागी हा चालेल’ असे सांगणारा दुकानदार, हे तिन्ही संगणकाला आयते मिळाले. १९९१नंतर आयात सोपी झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७मध्ये सामील झाला आणि २००५पर्यंत संगणकाच्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. भाव उतरत गेले तशी गर्दी वाढत गेली.

खरेदीची एक ठरलेली चाल होती. आधी चार दुकानांतून कोटेशन घ्यायचे. कागदाच्या चिठ्ठीवर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर असे एकाखाली एक लिहून समोर आकडे मांडलेले असत. बिल हवे की नको यावर बेरीज बदले. बिल नको म्हटले तर पैसे वाचत, पण वॉरंटीचा आधार म्हणजे हार्ड डिस्कवर चिकटवलेले दुकानाचे चिमुकले स्टिकर एवढाच उरे. त्यावर महिना आणि वर्ष पेनाने खुणावलेले असे. ते स्टिकर फाटू न देणे ही नव्या मालकाची पहिली जबाबदारी.

जोडणीत धोक्याच्या जागा नेमक्या ठाऊक असाव्या लागत. १९९०च्या दशकातल्या एटी पद्धतीच्या मदरबोर्डला वीज पुरवणाऱ्या वायरी दोन वेगळ्या जोडण्यांमधून येत. त्यांना पी-८ आणि पी-९ म्हणत. दोन्ही दिसायला सारख्या, त्यामुळे अदलाबदल होऊन बसू शकत, आणि तशा बसवून बटण दाबले तर मदरबोर्ड जळू शकत असे. यावरचा नियम प्रत्येक शिकाऊ मुलाला तोंडपाठ असे: काळ्या वायरी काळ्यांना चिकटून, मधोमध. पुढे एटीएक्स पद्धतीत एकच, एकाच बाजूने बसणारी जोडणी आली आणि ही धास्ती संपली. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच चपट्या केबलवर असले तर मागचा बोटाच्या पेराहूनही लहान जम्पर काढून एकाला ‘मास्टर’ आणि दुसऱ्याला ‘स्लेव्ह’ करावे लागे. दोघेही मास्टर राहिले तर ड्राइव्ह दिसेनासे होत. पेंटियमच्या बोर्डांवर ७२ पिनांची रॅम जोडीनेच बसवावी लागे, कारण एका पट्टीतून ३२ बिट येत आणि प्रोसेसरला एका वेळी ६४ लागत. साउंड कार्ड बसवल्यावर मोडेम बंद पडला तर दोघांनी प्रोसेसरचे लक्ष वेधण्याचा एकच क्रमांक, म्हणजे आयआरक्यू, धरला आहे, हे ओळखता यावे लागे. यातले काहीही त्या काळी शाळेच्या पुस्तकात नव्हते. ते दुकानाच्या काउंटरवर, मित्राच्या घरी आणि मदरबोर्डबरोबर येणाऱ्या पातळ पुस्तिकेतून शिकले गेले. चांगला शिक्षकही जे ज्ञान वर्गात देऊ शकला नसता, ते या मुलांनी असे कमावले.

सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून हिंडे. प्रोग्रॅम विकत घेणारा घरगुती ग्राहक विरळा. एकाची फ्लॉपी दहा जणांकडे जाई आणि तिच्याबरोबर व्हायरसही जाई. १९९०मध्ये भारतात प्रथम सापडलेल्या एका व्हायरसचे नावच ‘जोशी’. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून तो हार्ड डिस्कवर जाऊन बसे. ५ जानेवारीला संगणक सुरू केला की पडद्यावर जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत टाइप करण्याची मागणी येई, आणि ती पुरी केल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून तो मेमरीतून जात नसे. वीज बंद करायची आणि लिहिण्यापासून सुरक्षित केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे, हाच उपाय. अशी एक फ्लॉपी कप्प्यात जपून ठेवण्याची शिस्त कित्येकांना याच आजाराने लावली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मासिकांबरोबर सीडी येऊ लागली आणि लिनक्ससह शेकडो फुकट प्रोग्रॅम गावोगावी पोहोचले. ज्यांच्या गावात टेलिफोन धड लागत नव्हता, त्यांच्यासाठी ती सीडी हाच बाहेरच्या जगाशी दुवा होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई पहिल्या शहरांत होती. पुण्याचाही क्रम लवकर लागला. चित्रांसह जाळे पाहता येईल असे व्यक्तिगत खाते २५० तासांना १५,००० रुपये. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खाते मिळे, पण त्यात दिसायची फक्त अक्षरे. मजकूर वाचायला लिंक्स, पत्रव्यवहाराला पाइन, चित्र नाही आणि माउसचे काम नाही. कमाल वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे एक एमबीची फाइल उतरवायला निदान पाव तास. विद्यार्थ्यांचे हे स्वस्त खाते दुय्यम समजले जाई, तरी युनिक्सचे आदेश शिकवण्याचे मोठे काम त्यानेच केले.

मोडेमचीही एक भाषा होती. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजवर टोनने नंबर लागत नसे, तिथे ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’ लिहून मोडेमला जुन्या चकतीच्या फोनसारखे ठोके द्यायला लावावे लागे. मग सूर, खरखर, दोन वेगळ्या किंकाळ्या आणि शेवटी शांतता. कान सरावलेल्या माणसाला जोडणी कोणत्या वेगाने लागली हे त्या आवाजावरूनच कळे. आतल्या खोलीत कोणी फोन उचलला की जोडणी तुटे आणि अर्धवट उतरलेली फाइल वाया जाई. खात्याचे तास वेगळे आणि टेलिफोनचे बिल वेगळे, म्हणून पत्रे आधी लिहून ठेवायची, जोडणी लागताच पाठवायची, आलेली उतरवून घ्यायची आणि लगेच तोडायचे, अशी काटकसर चाले. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली आणि दर कोसळले. त्याच सुमारास गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलचे ब्रॉडबँड आले. २५६ केबीपीएस हा तेव्हाच्या धोरणाने ठरवलेला किमान वेग. महिन्याला मोजकाच डेटा मिळे, पण बीएसएनएलच्या लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ मोजणी होत नसे, म्हणून पहाटे दोनचा गजर लावून उतरवणी सुरू करायची प्रथा घरोघरी पडली.

पडद्यावर मराठी येण्याची कथा या सगळ्याहून लांब चालली. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आणि भारतीय लिप्यांसाठीचे १९९१चे इस्की मानक यांनी पाया घातला होता. डीटीपीच्या दुकानांत सी-डॅकची आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी रुजली. पत्रिका, दिवाळी अंक, पुस्तके त्यांवर उत्तम छापली जात. अडचण होती ती फाइल दुसऱ्याला देण्याची. प्रत्येक फाँटची अक्षरांची आतली मांडणी वेगळी, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गिचमिडाटच दिसे. मराठी वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचायचे तर आधी त्याचा फाँट उतरवून बसवावा लागे, आणि दुसऱ्यासाठी दुसरा.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ही कोंडी फोडली. देवनागरीला त्यात १९९१पासून जागा होती, पण घरातल्या यंत्रावर ती चालू लागली विंडोज २०००पासून. त्यासोबत आलेला मंगल हा फाँट घडवला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ज्या मराठी माणसाने पुढच्या दहा वर्षांत विंडोजवर युनिकोड देवनागरी वाचली, त्याने बहुधा त्यांचेच अक्षर वाचले, आणि हे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय मुळात बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करायची, विंडोजची सीडी घालायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. तोवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उभी राही आणि जोडाक्षरे हलन्त लावून फुटलेली दिसत. ‘दुसऱ्या’मधला, मराठीला अत्यावश्यक असलेला अर्धा र नीट उमटवायला खास खटपट लागे. ही खूण करून देण्याचे काम हौशी मंडळींनी नातेवाइकांच्या, शाळांच्या, ग्रंथालयांच्या संगणकांवर न थकता केले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातले सुरुवातीचे लेखनही अशाच स्वयंसेवी हातांनी झाले. दुसरीकडे २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यात माउस धरायला शिकवले. शासकीय नोकरीशी जोडला गेल्याने तो छंदाबाहेरच्या माणसांपर्यंतही पोहोचला.

मुंबईबाहेर या छंदाला विजेची साथ नसे. भारनियमनाच्या वर्षांत दिवसातले कित्येक तास वीज नसे आणि यूपीएस ही चैन राहिली नव्हती. १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी मोठ्या मॉनिटरसह जेमतेम दहा-पंधरा मिनिटे तग धरी. तेवढ्यात काम साठवून यंत्र बंद करायचे. २०००च्या आसपास आणि पुढची काही वर्षे जगभरातल्या मदरबोर्डांना सदोष कपॅसिटरांनी ग्रासले. त्यांची डोकी फुगत, तपकिरी द्रव बाहेर येई आणि संगणक मधेच अडके. तापकीर गल्लीतून तेवढ्याच क्षमतेचे नवे कपॅसिटर आणून, धन-ऋण टोके पाहून झाळले की बोर्ड पुन्हा चाले. मदरबोर्ड दुरुस्तीला रेडिओ-दुरुस्तीचे कसब इतके सरळ उपयोगी पडलेली ही बहुधा शेवटची वेळ.

२०१०नंतर लॅपटॉप आणि स्मार्टफोन यांनी ही रीत मागे टाकली. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच झाळलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते. उघडून बदलण्यासारखे फार थोडे उरते. लॅमिंग्टन रोडवर आता सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर यांची मोठी उलाढाल आहे, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिथे आर्डुइनो, रास्पबेरी पाय आणि सेन्सर घ्यायला येतात. असेंबल केलेला डेस्कटॉप मुख्यतः गेम खेळणाऱ्यांकडे आणि व्हिडिओ संपादन करणाऱ्यांकडे राहिला आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा आधार संपल्यापासून जुन्या पण धडधाकट यंत्रांवर लिनक्स चढवण्याचे कामही हौशी लोकांकडे नव्याने आले आहे.