चिमुकल्या मोटारी आणि रंगाची कसोटी

चकचकीत रंग दिला म्हणजे खालचे दोष झांकले जातात, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. कोऱ्या लाकडावर नजरेस न येणारी बारीक रेघ चकाकीखालीं स्पष्ट दिसूं लागते. हा धडा अमेरिकेंतील असंख्य मुलांना एका स्पर्धेनें दिला. आणि तींत पणास लागलें होतें तें त्यांचें उच्च शिक्षण.

फिशर बंधूंचें घराणें ओहायो संस्थानांतील नॉर्वॉक गांवचें. वडिलांचा धंदा लोहारकामाचा व घोडागाड्या बांधण्याचा. फ्रेड व चार्ल्स या बंधूंनीं १९०८ सालीं डेट्रॉइट येथें मोटारींच्या बॉड्या तयार करण्याचा कारखाना काढला. १९२६ सालीं तो सर्वस्वी जनरल मोटर्सच्या मालकीचा झाला. १९३० सालीं, मंदीच्या आरंभीं, या कारखान्यानें मुलग्यांसाठीं 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही संस्था स्थापन केली. प्रथम, कारखान्याच्या बोधचिन्हावरील नेपोलियनच्या थाटाची बग्गी लहान आकारांत हुबेहूब घडवावयाची असे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेची मोटार करण्याची स्पर्धाहि सुरू झाली. आरंभींच्या वर्षांत श्रेष्ठ स्पर्धकांस ५००० डॉलरची शिष्यवृत्ति मिळे. घरोघर रोजगार बुडत असतां कॉलेजचें दार उघडणारी ही किल्लीच होती. मुलींना मात्र त्या दाराशीं उभें राहण्याचीहि मुभा नव्हती.

परीक्षक कल्पनेबरोबर कारागिरीहि पाहत, आणि कारागिरीचें पहिलें दर्शन रंगांत घडे. येथें लहान आकारच शत्रु होई. एक-बारांश प्रमाणाच्या गाडीवर बसलेला धुळीचा कण खऱ्या गाडीच्या मानानें बारापट मोठा भासतो; रंगाचे हात जाड झाले तर दारांच्या कोरीव रेषा बुजून जातात. बोटाचा तेलकट डाग राहिला कीं रंग तेथून मागें सरून खळगा पडतो. फवारा नीट पसरला नाहीं तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. एके ठिकाणीं अधिक पडला तर ओघळ उतरतो. हवा दमट असली तर लॅकरवर पांढुरकी धुरी चढते.

या दोषांवरील उपाय दोन शोधांनीं सुलभ केले. १९२१ सालीं पाण्यांत भिजवून वापरण्याचा पॉलिश कागद अमेरिकेंत निघाला. १९२३ सालीं ओकलंड मोटारींस 'ड्यूको' नांवाचें नायट्रोसेल्युलोज लॅकर देण्यांत आलें. पूर्वीं तेल-व्हार्निशाचे हात वाळण्यास कित्येक आठवडे जात. तें काम आतां तासांवर आलें. लॅकरचा गुण असा कीं, नवा हात खालच्या वाळलेल्या हातास किंचित् विरघळवून त्यांत मिसळतो. म्हणून बिघडलेला भाग घासून पुन्हां रंगविला तरी सांधा दिसत नाहीं.

मात्र उतावळेपणा येथें चालत नाहीं. ओला ओघळ पुसूं गेल्यास अधिकच बिघडतो. तो पुरता कठीण होऊं द्यावा, सपाट ठोकळ्यावर कागद गुंडाळून पाण्यानें घासावा, खड्डा असल्यास लांबी भरावी, अस्तर द्यावें व मग पातळ हात द्यावे. वरून वाळलेल्या लॅकरमधील द्रव पुढेंहि कित्येक दिवस उडत राहतो आणि रंग आकसतो. घाईनें चकाकी आणलेल्या गाडीवर लाकडाच्या रेघा कालांतरानें पुन्हां उमटतात. नमुना तर ठराविक मुदतींत पाठवावयाचा असे. अखेरच्या आठवड्यांत सांपडलेला दोष तसाच सोडावा कीं सारा रंग उतरवावा, हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलास शालेय परीक्षेहून कठीण वाटणें स्वाभाविक होतें.

महायुद्धाच्या काळांत स्पर्धेंत खंड पडला. १९४७ च्या विजेत्यांपैकीं चार्ल्स जॉर्डन हा पुढें जनरल मोटर्सच्या रचना-विभागाचा उपाध्यक्ष झाला. १९६८ सालीं ही संस्था बंद पडली. भाग घेणाऱ्या बहुसंख्य मुलांना शिष्यवृत्ति मिळाली नाहीं. त्यांच्या वाट्यास आली ती, कोणास न दिसणाऱ्या अस्तरावर अधिक वेळ खर्च करण्याची संवय.