परवान्यापुरती बंदूक

पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यात भाताच्या, वालाच्या राखणीसाठी परवान्यावर जी ठासणीची बंदूक मिळते, तिच्यामागे दोन जुने वाद आहेत: एक मानाचा, दुसरा रानडुकराचा. मानाचा वाद मोठ्या माणसांनी मोठ्या सभांतून चालवला आणि तो हरला. रानडुकराच्या बाजूने कुणी व्यासपीठ गाजवल्याचं दिसत नाही, तरी कायद्यात जागा मिळाली ती त्यालाच. मानाचा वाद ज्या शब्दांत मांडला गेला, त्या शब्दांतच त्याची हार दडलेली होती, असं मला वाटतं.

लॉर्ड लिटनच्या अमदानीतला 1878चा शस्त्र कायदा बंदुकीपाशी थांबला नव्हता. तलवार, भाला, इतकंच काय धनुष्यबाणही त्याच्या व्याख्येत होते; म्हणजे कातकऱ्याचा तिरकामठासुद्धा कागदोपत्री ‘शस्त्र’ ठरला. युरोपियनांना मात्र सूट होती, आणि डाचत होती ती नेमकी हीच सूट. 1887च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला तो कायदा रद्द करा असा नव्हता, सैल करा असा होता. प्रजा राजनिष्ठ असताना तिच्यावर हा कलंक कशाला, हा त्याचा सूर होता. पुढे 1920च्या नियमांनी वंशावर आधारलेली सूट बऱ्याच अंशी गेली आणि तक्रारीचा कणाच मोडला. गोऱ्यालाही परवाना लागू लागल्यावर अपमान कसला? 1931च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत आला खरा, पण नियम आणि अपवादांच्या अधीन राहून. डिसेंबर 1948मध्ये ह. वि. कामतांनी संविधान सभेत जवळपास तीच शब्दयोजना पुढे केली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. सरकारच्या नियमांवर जगणारा हक्क अखेर परवान्याचंच भारदस्त नाव, मग तो नाकारायला अवघड काय होतं? संविधानात उरला तो एकत्र जमण्याचा हक्क, आणि तोही शांततेने व विनाशस्त्र.

यावर कुणी म्हणेल, 1887मध्ये वकील मंडळींनी याहून जास्त मागायचं तरी काय? खरं आहे, तेव्हाचा मवाळपणा समजण्याजोगा होता. पण कराचीत काँग्रेस दुबळी नव्हती. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, 25 सप्टेंबर 1930ला, पेणच्या उत्तरेला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या. तरीही ‘नियमांच्या अधीन’ ही पुस्ती हक्काला चिकटलेलीच राहिली. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पनवेलहून पेणला येताना लागणाऱ्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी 1879मध्ये शस्त्र उचललं, त्यातून काय साधलं? मात्र फडक्यांचं बंड नवा कायदा लागू झाल्यावरचं आहे, हे विसरू नये. ज्याला बंडच करायचं त्याला परवान्याने अडवलं नाही. अडला तो कायदा पाळणारा. आणि सगळं खापर अहिंसेवर फोडणंही बरोबर नाही, कारण कराचीत गांधीजी हजर होते. (पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांसमोर 1960मध्ये भिंड-मुरैनाच्या दरोडेखोरांनी बंदुका ठेवल्या, ही गोष्ट निराळी. तिथे हक्काचा प्रश्नच नव्हता.)

रानडुकराचा वाद मात्र गरजेचा होता, आणि गरज ठरावाने संपत नाही. 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन सांगतं, की एरवी अडचण नसेल तर परवाना द्यावा. मोठमोठ्या ठरावांना जमलं नाही ते या अर्ध्या ओळीने साधलं. व्यवहारवाद्यांचं हे यश नाकारता येत नाही. पण त्याला दोरी बांधलेली आहे. बंदूक माणसाची नाही, कारणाची आहे. 1972च्या वन्यजीव कायद्याने डुकरालाच संरक्षण दिलं, तेव्हा परवानगीशिवाय बार काढायचा तो हवेत, आवाजापुरता. जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान असलेलं फणसाड 1986मध्ये मुरूड-रोह्याचं अभयारण्य झालं. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. मग पीक उभं असो वा नसो, सूट मिळवण्यासाठी पुन्हा अर्ज. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्याच्या उत्सवात सशस्त्र मानवंदना मिळते, त्या बंदुका पोलिसांच्या असतात.