मधुमालती नेमकी कोणती?

हैदराबादच्या नारायणगुडा, हिमायतनगर, चिक्कडपल्ली या भागांत जी थोडी बैठी घरे अजून टिकून आहेत, त्यांच्या फाटकांवर एक वेल बहुधा दिसतेच. सायंकाळी तिची फुले पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि पुढे गळेपर्यंत गडद लाल. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग लोंबताना दिसतात. मराठी घरात तिला मधुमालती म्हणतात. भिंतीपलीकडच्या तेलुगू घरात तीच राधामनोहर असते, इंग्रजीत तिला रंगून क्रीपर हे नाव आहे, आणि रवींद्रनाथांनी तिचे मधुमंजरी असे नामकरण केले होते. एका वेलीला चार भाषांत चार नावे असावीत यात नवल काही नाही. नवल आहे ते आपल्या नावाचे. मधुमालती हे नाव मराठीत आधीपासून दुसऱ्याच एका वेलीचे आहे. ती वेल आजही सह्याद्रीत फुलते. तिचे नाव मात्र या फाटकावरच्या पाहुणीने घेतले आहे. हे कसे घडले, आणि त्यामुळे आपल्या वाचनात काय बिघडले, हे पाहण्याजोगे आहे.

घराभोवती खासगी बाग असणे ही गोष्टच या वस्त्यांत फार जुनी नव्हे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि काठची दाट वस्ती वाहून गेली. पाठोपाठ प्लेगची साथ आली. १९१२ मध्ये शहरसुधारणा मंडळ स्थापन झाले. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानुसार पुराला आवर घालण्यासाठी जे जलाशय बांधले गेले, त्यांपैकी उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुराच्या धास्तीने बांधलेल्या या जलाशयांनी शहराला नळाचे पाणी दिले, आणि नदीपासून दूर, मोकळ्या जागी घर बांधून भोवती चार झाडे लावण्याची सोय मध्यमवर्गालाही झाली. बागेचा इतिहास लिहिताना आपण राजांच्या बागांविषयी पानेच्या पाने लिहितो. नळाच्या तोटीविषयी कोणी लिहीत नाही. वास्तविक मध्यमवर्गाच्या फाटकावर वेल चढवली ती तोटीनेच.

या वस्त्यांत मराठी कुटुंबे बरीच होती. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. वकिली, नोकरी, शिक्षण यांसाठी राजधानीत येणे ओघानेच आले. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी, डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली १९३१ मध्ये येथे भरलेले साहित्य संमेलन, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात १९४० साली निघालेली केशव मेमोरियल शाळा, हा सर्व इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मराठवाड्याकडच्या वाड्यांत पाणी मोजून वापरावे लागे. तेथे वेल लावायची तर न्हाणीच्या वाहत्या पाण्याकडेला, आणि तीही उपयोगाची: देवाला वाहता येईल, वेणीत माळता येईल अशी. म्हणजे जाई किंवा जुई. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. येथे रुजलेली कुटुंबे येथेच राहिली, आणि त्यांच्या जाईजुईही.

या दोन वेलींपुरते तेलुगूशी आपले गोत्र जवळचे आहे. संस्कृत ‘जाती’ची मराठीत ‘जाई’ झाली आणि तेलुगूत ‘जाजि’. संस्कृत ‘यूथिका’ मराठीत ‘जुई’ होऊन राहिली. तेलुगूने मात्र तिला निराळे नाव न देता ‘सन्नजाजि’, म्हणजे बारीक जाई, म्हणून जाईच्याच घरात घेतले. नारायणगुड्यातल्या भाजीबाजारात फुलवालीशी सौदा करणाऱ्या मराठी गृहिणीला हे भाषाशास्त्र कोणी शिकवले नाही. ते तिला मुळातच येते. ज्याला आपण मांडव म्हणतो त्याला तेलुगूत पंदिरि म्हणतात, आणि लग्नाचा व वेलीचा मांडव एकाच शब्दाने ओळखण्याची रीत दोन्ही भाषांत आहे. (या शहराच्या आसपास सर्वांत मोठे मांडव मात्र फुलांचे नव्हते, ते अनाब-ए-शाही द्राक्षांचे होते. पण तो विषय निराळा.)

आता मूळ मधुमालतीकडे येऊ. संस्कृत काव्यात जिला माधवी किंवा अतिमुक्ता म्हटले आहे, ती ही वेल. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव हिप्टेज बेंगालेन्सिस. मराठीत तिला हळदवेल म्हणतात आणि मधुमालतीही म्हणतात. महाराष्ट्रातील वनस्पतींच्या नोंदींत हे दोन्ही शब्द आढळतात. ही दणकट, काष्ठमय वेल मोठ्या झाडावर चढते आणि जुनी झाली की तिचे खोडच मनगटाहून जाड होते. हिवाळा सरताना आणि वसंतात तिला पांढरी, झालरदार कडांची, सुगंधी फुले येतात. पाच पाकळ्यांपैकी एकीवर पिवळी छटा असते. ‘मधु’ हे चैत्राचे आणि ‘माधव’ हे वैशाखाचे प्राचीन नाव. माधवी म्हणजे वसंताची. नावातच ऋतू सांगितलेला आहे.

‘शाकुंतला’चा सहावा अंक आठवावा. अंगठी सापडली आहे, दुष्यंताला सर्व स्मरले आहे आणि त्याने वसंतोत्सवाला बंदी केली आहे. अशा वेळी तो विदूषकाबरोबर येऊन बसतो तो माधवीच्या मांडवात. उत्सव राजाज्ञेने थांबवता येतो, पण जिच्या नावातच वसंत आहे तिच्याच सावलीत राजा शोक करीत बसला आहे. कालिदासाची ही योजना सहज घडलेली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हापासून हे नाटक मराठी माणसाच्या घरातलेच झाले आहे. मात्र आजचा मराठी वाचक ‘माधवी म्हणजे मधुमालती’ एवढी टीप वाचतो आणि डोळ्यांपुढे आणतो ती फाटकावरची लालगुलाबी घोसांची वेल. ती वेल आपल्याकडे खरी बहरते पावसाळ्यात. मांडव तोच राहिला, राजा तोच राहिला, आणि वसंत तेवढा निघून गेला. नाव सरकल्याने झालेले नुकसान ते हे, आणि माझ्या मते ते क्षुल्लक नाही. सर विल्यम जोन्ससारख्या परक्या माणसाने भारतीय वनस्पतींवरील टिपणांत माधवीची ओळख कालिदास आणि जयदेव यांच्या साक्षीने करून दिली. ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापली गेली. आपल्या शालेय टीपकारांनी निदान तेवढी काळजी घ्यायला हरकत नव्हती.

दख्खनला मधुमालती हे नाव आणखी एका वाटेने परिचित होते. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारातील नुसरती या कवीने १६५७-५८ च्या सुमारास ‘गुलशन-ए-इश्क’ हे दख्खनी काव्य रचले. त्यात मनोहर आणि मधुमालती यांची प्रेमकथा आहे, आणि नावाप्रमाणेच बागांची वर्णने भरपूर आहेत. ही कथा उत्तरेत मंझनने १५४५ मध्ये सांगितलेली. म्हणजे फाटकावरची पाहुणी येण्याच्या कितीतरी आधी या मुलखात मधुमालती हे एका नायिकेचे नाव म्हणून लोकांच्या कानांवर होते. तेलुगूतील राधामनोहर या नावात मनोहर यावा हा मला केवळ योगायोग वाटतो, पण गोड योगायोग आहे खरा.

ही पाहुणी मूळची कुठली? ब्रह्मदेश ते मलाय द्वीपे या टापूतील रानांत ती वाढते. सतराव्या शतकात अंबोन बेटावर डच कंपनीच्या चाकरीत असलेल्या रुम्फियसने तिचे निरीक्षण केले. हा गृहस्थ १६७० मध्ये आंधळा झाला आणि तरीही त्याने आपला वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ इतरांकडून लिहवून पुरा केला. तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून पुढे. ही वेल प्रथम झुडपासारखी सरळ वाढते आणि मग एकाएकी वेलीचे वळण घेते. तिचे मलायी नाव ‘उदानी’. रुम्फियसला त्यात डच ‘हुदानिख्’ म्हणजे ‘कशी?’ हा शब्द ऐकू आला आणि त्याने लॅटिनमध्ये तिला ‘क्विस्क्वालिस’ म्हटले: ‘कोण? कशी?’ पुढे लिनियसने १७६२ मध्ये हेच नाव कायम केले. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला काँब्रेटम कुळात हलवल्यामुळे तेथूनही हा प्रश्न पुसला गेला आहे. जिचे नावच ‘कोण?’ असे होते, तिला मराठीने दुसरीचे नाव देऊन उत्तर दिले, असे म्हणता येईल.

पण हे उत्तर का दिले गेले, तेही समजून घेतले पाहिजे. हळदवेल घरच्या फाटकाला पेलणारी नव्हे, आणि तिचा बहर काही आठवड्यांचा. याउलट ही नवी वेल मुळाजवळच्या एका फुटव्यावर लागते, दोन-तीन वर्षांत फाटक झाकते, दुर्लक्ष सहन करते आणि वर्षातले बरेच महिने फुलते. तिचा सुगंध सांजवेळी येतो, कारण तिची पांढरी, लांब नळीची फुले निशाचर पतंगांसाठी उमलतात. दुसऱ्या दिवशी रंग बदलला की मधमाश्या आणि पक्षी यांची पाळी. शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर जी नित्य राहिली, तिला ते सुंदर नाव मिळाले.

सर्वच परदेशी वेलींना आपण असे उसने नाव दिले नाही. गणेशवेल आणि संक्रांतवेल या दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. आपण त्यांना आपल्या सणांची नावे दिली आणि कोणाचेही काही हिरावले नाही. बोगनवेल तर भाषेची मोठी गंमत आहे: बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाच्या शेपटाला मराठी कानाने ‘वेल’ ऐकली आणि परका माणूस क्षणात देशी वनस्पती झाला. कृष्णकमळाची गोष्ट याहून मोठी. अमेरिकेत स्पॅनिश पाद्र्यांनी हे फूल पाहिले तेव्हा त्यातील तंतूंत त्यांना ख्रिस्ताचा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि तीन कुक्षींत क्रुसाचे तीन खिळे दिसले; म्हणूनच युरोपीय भाषांत त्याचे नाव ख्रिस्ताच्या यातनांवरून पडले. तेच फूल आपल्याकडे आले आणि आपण तंतूंत शंभर कौरव पाहिले, पुंकेसरांत पाच पांडव, मधोमध कृष्ण. जपानी माणसाला त्यात घड्याळ दिसले. फुलात बदल काही झाला नाही. पाहणाऱ्याने आपले पुराण त्यात लिहिले. मधुमालतीच्या बाबतीत असे नवे काही सुचण्याची वाट आपण पाहिली नाही, एवढेच. रवींद्रनाथांना ते सुचले होते.

आता हे नाव परत घ्यावे असे कोणी म्हणेल तर ते होणे नाही, आणि व्हावे असे मलाही वाटत नाही. तीन-चार पिढ्यांनी ज्या वेलीला मधुमालती म्हटले, तिच्या फुलांचे गजरे मुलींनी देठात देठ ओवून केले, तिला आता उपरी ठरवणे आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना तर शोभणारच नाही. टीपकारांनी मात्र माधवीपुढे ‘हळदवेल’ असे लिहावे. शिवाय फाटकेच आता कमी होत चालली आहेत. नारायणगुड्यात घर पाडून पाच मजले चढवले की आधी जाते ते कुंपण आणि त्याबरोबर वेलीचे आळे. वाहन लावायला जागा हवी असते. गच्चीवरच्या कुंडीत जुई तग धरते, गोकर्ण धरते. मधुमालती कुंडीत पाने देते, फुलांचे घोस मात्र मनासारखे येत नाहीत. तिला मुळे पसरायला जमीन लागते.

इकडे आपल्या अंगणांतून आणि शब्दकोशातून मागे पडलेली हळदवेल मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर बागेतून निसटून रानात शिरली आणि तेथल्या मूळच्या झाडांना गुदमरवू लागली. जगातील सर्वांत उपद्रवी आगंतुक वनस्पतींच्या यादीत तिचे नाव आहे. आपल्याकडे तिला शोधायचे तर फाल्गुनात सह्याद्रीच्या एखाद्या घाटात जावे. आधी सुगंध येतो आणि मग मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे पाहावे लागते. फुले उंचावर असतात, हाताला लागत नाहीत. नंतर तिच्या फळांना तीन पंख येतात आणि वाऱ्यावर ती भिंगरीसारखी फिरत खाली येतात. हिप्टेज हे नाव ग्रीक भाषेतील उडण्यावरूनच पडले आहे.