थांबा, तपासणी आहे! : प्लेगच्या फलाटापासून विमानतळाच्या पडद्यापर्यंत



चिखल्यात बसून विमानतळाच्या तपासणीवर बोलायचं, हे ऐकून काही जणांना नवल वाटलं असेल. आपल्याला माहीत ती तुमसर–तिरोडी मार्गावरची गाडी आणि गोबरवाहीचं स्टेशन. पण काळ बदलला. नागपूरचं विमानतळ इथून शंभरएक किलोमीटरवर आहे, २०२२ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीवरूनही प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आता आपल्याकडची मुलं नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, आखातात जातात आणि त्यांना भेटायला त्यांचे आईवडीलही विमानाने जातात. परत आल्यावर विमानातून ढग कसे दिसले हे दोन वाक्यांत संपतं. तपासणीची गोष्ट मात्र अर्धा तास चालते. पट्टा काढायला लावला, हात वर करायला लावले, लोणच्याची बरणी ठेवून घेतली!

या गोष्टींत एक गंमत आहे. एकच माणूस आधी म्हणतो, 'तपासणी पाहिजेच, जीव महत्त्वाचा.' आणि पाच मिनिटांनी म्हणतो, 'आम्ही काय चोर आहोत का?' आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे दोन विरोधी मतं एका तोंडून आली की आमचे कान टवकारतात. अशा वेळी एक मत खोटं असतं असं नाही. बहुतेक वेळा दोन्ही खरी असतात आणि ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल असतात. आज इतिहास चाळून आपण त्या दोन गोष्टी वेगळ्या करू.

सुरुवात नागपूरपासून करू. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. त्यांतून प्रवासीही जात. त्या काळी प्रवाशाच्या सामानाचं वजन होई, तिकीट पाहिलं जाई. पण प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवून मगच आत सोडायचं, ही पद्धत जगात कुठेच रुळलेली नव्हती. विमानाने जाणारी माणसं थोडी होती, पैसेवाली होती आणि पैसेवाल्यावर संशय घ्यायचा नसतो, असा एक अलिखित नियम असतो! तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हे सगळं आलं कुठून? अमेरिकेत एकामागून एक विमानं पळवली जाऊ लागली, तेव्हा जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडचा धडा मात्र जरा चमत्कारिक आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' नावाचं विमान दोन तरुणांनी लाहोरला नेलं. त्यांच्याजवळचं पिस्तूल नकली होतं आणि हातबॉम्ब लाकडाचा. विमान जाळण्यात आलं आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला चाललेलं विमान दोघांनी वाराणसीला वळवलं. त्यांच्याकडे खेळण्यातलं पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू होता! ते दोघे पुढे १९८० मध्ये आमदारही झाले.

आपण हसतो, पण विमानात बसलेल्यांना चेंडू आहे की बॉम्ब, हे कुठे ठाऊक होतं? आकाशात खात्री करून घ्यायची सोय नसते, म्हणून ती जमिनीवरच करून घ्यावी लागते. तपासणीचं मूळ समर्थन हे आहे आणि ते भक्कम आहे. १० सप्टेंबर १९७६ ला दिल्लीहून मुंबईला निघालेलं विमान लाहोरला पळवलं गेलं. त्यानंतर समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष उभा राहिला.

पुढचा धडा फार महाग पडला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला दिली गेली होती आणि ती देणारा प्रवासी विमानात चढलाच नव्हता. टोरांटोला सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडलं आणि हातातल्या छोट्या उपकरणावर काम भागवलं गेलं. बॅग आहे पण तिचा धनी विमानात नाही, तर ती बॅग जाऊ द्यायची नाही, हा आजचा नियम या ३२९ जणांच्या मरणातून पक्का झाला आहे. १ एप्रिल १९८७ पासून त्या सुरक्षा कक्षाचं स्वतंत्र खातं झालं.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं गेलं. ते आठ दिवस इथल्या बहुतेकांना आठवत असतील. त्यानंतर २००० सालच्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. ज्याला आपण सीआयएसएफ म्हणतो ते हेच.

इथून सामान्य प्रवाशाचा अनुभव सुरू होतो. हातातल्या पिशवीला कागदी टॅग बांधायचा आणि त्यावर तपासणीचा शिक्का घ्यायचा, हे आठवतं ना? शिक्का राहिला की विमानाच्या दारातून परत पाठवणी. सात मोठ्या विमानतळांवर ही पद्धत १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं लपवली, तेव्हापासून अमेरिकेत लोक बूट काढू लागले. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून परदेशी जाताना हाती सामानातल्या द्रवाला १०० मिलिलिटरची मर्यादा आली. आईने दिलेलं तेलात मुरलेलं लोणचं त्यातच अडकलं!

आमच्या ओळखीचे तुमसरचे एक आजोबा पहिल्यांदाच विमानाने निघाले. पिशवीत अडकित्ता. तपासणीच्या मुलाने तो बाहेर काढला. आजोबा म्हणाले, 'सुपारी फोडाले लागते ना जी!' तो मुलगा हसला आणि म्हणाला, 'बाबा, धार असलेली वस्तू वर नेता येत नाही. मोठ्या बॅगेत टाकली असती तर चाललं असतं.' अडकित्ता गेला, पण आजोबा त्या मुलाचं कौतुकच करत परतले. त्यांच्याच परतीच्या प्रवासात दुसऱ्या एका विमानतळावर त्यांना 'बाजूला व्हा' एवढंच सांगून अर्धा तास उभं ठेवलं. काही काढून घेतलं नाही. तरी त्या अर्ध्या तासाचा राग अजून गेलेला नाही. वस्तू गेली त्या ठिकाणी समाधान आणि काहीच गेलं नाही त्या ठिकाणी राग, असं का?

सुक्या खोबऱ्याचंही तसंच आहे. 'देवाचा प्रसाद आहे, खोबऱ्याने विमान पडतं का?' असं विचारणारे खूप भेटतात. पण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. हे एकदा सांगितलं की माणूस मान डोलावतो. आपल्या घरी दिवा, तेल आणि कापूस एकत्र ठेवत नाहीत, हे त्याला माहीत असतंच. शबरीमलेच्या यात्रेकरूंना २०२२ च्या हंगामात तपासणी करून नारळ जवळ नेऊ दिले होते. म्हणजे नियमाला कारण असलं की त्याला वाटही काढता येते.

आता थोडं मागे जाऊ. कारण प्रवाशाचं अंग तपासायचं, हा अनुभव महाराष्ट्राला विमानाच्या कितीतरी आधी, रेल्वेच्या फलाटावर आलेला आहे.

साल १८९६. याच साली त्या ब्रिटिश कंपनीची सुरुवात झाली, जिच्या वारशातून पुढे आपली मॉइल उभी राहिली. आणि याच साली मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या जोरावर स्टेशनांवर गाड्या थांबवून प्रवाशांना उतरवलं जाई, ताप पाहिला जाई, काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे चाचपलं जाई. संशय आला की माणूस वेगळा काढला जाई. याचा खरा जाच तिसऱ्या वर्गाच्या डब्याला होता. वरच्या वर्गातल्या साहेबाची गोष्ट निराळी. तो अलिखित नियम इथेही दिसतो! बायकांना बाईनेच तपासावं आणि आडोशाला तपासावं, ही मागणी त्या काळची आहे. आज विमानतळावर पडद्याच्या खोलीत महिला शिपाई तपासते, त्या पडद्याला इतकी जुनी मागणी आहे.

पुण्यात तर सोल्जर घराघरांत शिरले. रँडच्या कारभाराबद्दल लोकांमध्ये संताप होता. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले साक्षीसाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांचं गाऱ्हाणं मांडलं. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांनी पाहिलं तर नाव देऊन पुढे यायला कोणी तयार नाही. कोण येणार? कोणत्या घरातली बाई त्या काळात अधिकाऱ्यापुढे उभी राहून सांगणार? गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. त्याआधीच, २२ जूनला, चापेकरांनी रँडवर गोळी झाडलेली होती.

या प्रसंगाकडे नीट बघा. प्लेग खरा होता, माणसं खरोखर मरत होती. तपासणीला कारण नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. पण ते कारण लोकांना त्यांच्या भाषेत, विश्वासात घेऊन सांगितलं गेलं नाही. तपासणी सर्वांना सारखी नव्हती. आणि वाईट वागणूक मिळाली तर सांगायची भरवशाची जागा नव्हती. गोखल्यांसारख्या मोजून-मापून बोलणाऱ्या माणसाला जिथे तोंड बंद करावं लागलं, तिथे इतरांचं काय? आणखी एक गोष्ट. प्लेग पसरवण्यात उंदराच्या पिसवेचा हात आहे, हे पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. म्हणजे फलाटावर माणूस चाचपला जात होता आणि उंदीर मालडब्यातून खुशाल पुढे जात होता!

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाला 'हेतू' लागतो. डोंगरावर धूर दिसला तर आग आहे असं म्हणता येतं, कारण धूर आगीशिवाय नसतो. पण जो हेतू साध्य असलेल्या ठिकाणीही सापडतो आणि नसलेल्या ठिकाणीही सापडतो, त्याला 'सव्यभिचार' म्हणतात. तो खरा हेतू नव्हे, हेत्वाभास. डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या अमेरिकेतल्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर रांगेतून बाजूला घेऊन अंगझडती घेतली गेली. त्यांनी साडी नेसली होती, हे कारण सांगितलं गेलं. साडी कोट्यवधी निरपराध बायका नेसतात. साडीवरून संशय हा शुद्ध हेत्वाभास आहे. नावावरून, दाढीवरून, कातडीच्या रंगावरून घेतलेला संशयही याच जातीचा.

अब्दुल कलाम यांचा प्रसंग वेगळा. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीने त्यांची झडती घेतली. आपल्याकडे माजी राष्ट्रपतींना तपासणीतून सूट आहे. बातमी जुलैत फुटली, संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. कलामांनी स्वतः तक्रार केली नव्हती. आम्हाला त्या गदारोळाबद्दल थोडं निराळं वाटतं. सूट देण्याचा नियम मोडला हे खरं. पण आपण रागावलो ते 'इतक्या मोठ्या माणसाला?' म्हणून. लहान माणसाला चालतं, असा त्याचा अर्थ होतो की नाही?

तिसरा प्रसंग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी जाहीरपणे सांगितलं, की प्रत्येक प्रवासात विमानतळावर त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात आणि ते फार लागतं. सीआयएसएफने माफी मागितली. इथे त्यांनी तपासणीला नकार दिलेला नव्हता. माणसाचा पाय ही बॅगेतली वस्तू नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कांट सांगतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. यंत्राला वस्तूची घनता कळते, पडद्यावर धातू निळा आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतो. समोर कोण उभं आहे, हे यंत्रामागच्या माणसालाच कळायला हवं. गोखल्यांच्या वेळी नव्हतं ते इथे होतं. बाईने नाव घेऊन तक्रार केली आणि तिला उत्तर मिळालं. एकशेचोवीस वर्षांत एवढा रस्ता आपण चाललो.

आता त्या दोन मतांकडे परत येऊ. 'तपासणी पाहिजेच' हे मत तपासणीच्या कारणाबद्दल आहे. 'आम्ही चोर आहोत का?' हे मत तपासणाऱ्याच्या वागण्याबद्दल आहे. पहिल्याचा आधार घेऊन दुसरं दडपणं, ही १८९७ ची चूक. दुसऱ्याच्या रागात पहिलं नाकारणं म्हणजे १९८५ विसरणं.

आणि हे चिखल्याला वेगळं शिकवायची गरज नाही. खाणीत खाली उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. सुरुंगाची दारू किती नेली, किती वापरली, किती परत आली याचा हिशेब लागतो. शिरस्त्राण साहेबालाही घालावं लागतं. त्यात कोणाला अपमान वाटत नाही, कारण नियम सर्वांना एक आहे आणि तो कशासाठी आहे हे प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे.

तेव्हा पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल तेव्हा सहकार्य करा, पण मुके राहू नका. बाजूला घेतलं तर कारण विचारा, शांतपणे विचारा. बायकांनी महिला शिपाई आणि आडोसा हक्काने मागावा. गुडघ्यात सळई असेल, छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगा. कोणी चुकीचं वागलं तर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून तक्रार द्या. १८९७ मध्ये कोणी नाव देऊन पुढे येऊ शकलं नाही, म्हणून खरं काय झालं ते कागदावर आलंच नाही. आपण पुढे येऊ शकतो. तेवढं केलं पाहिजे.

एवढं बोलून थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.